गाणं खरंच बदललंय का? ॲनिमेशनपटांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या ताडून पाहण्याची पद्धत

"हे गाणं असं नव्हतं." जुना ॲनिमेशनपट नव्या डिस्कवर लावला की घरात कुणीतरी हे म्हणतंच. कधी ते अगदी बरोबर असतं. कधी गाणं तेच असतं, आधीची कॅसेट तेवढी भरभर पळत होती. दोन्हींतला फरक घरबसल्या ओळखता येतो. साधा कॉम्प्युटर, बरे हेडफोन, फुकट मिळणारी दोन-तीन सॉफ्टवेअर आणि थोडा संयम एवढं पुरतं. मी हा उद्योग सोलापुरात बसून करतो, त्यामुळे डिस्का शोधण्याच्या वाटा आणि अडचणी इथल्या आहेत. पद्धत मात्र कुठेही चालेल.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. "संगीत बदललं" हे वाक्य वहीत सगळ्यात शेवटी लिहायचं. गती तपासली, चॅनेल तपासले, चित्रपट दोन डिस्कांत कुठे तुटलाय ते पाहिलं, आणि तरीही काही उरलं, तर तो बदल.

बदल म्हणजे नेमकं काय

काही बदल निखालस असतात. 'अलादीन' 1992 साली थिएटरात लागला तेव्हा सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशात कान कापतात अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतल्या अरब संघटनेने आक्षेप घेतला आणि 1993 च्या व्हिडिओ कॅसेटवर ती ओळ वाळवंटाच्या उन्हावर आली. त्याच कडव्यातला 'रानटी' हा शब्द मात्र तसाच राहिला. वाद्यमेळ तोच, चाल तीच, बदल दोन ओळींपुरता. असा बदल कान देऊन ऐकल्याशिवाय सापडत नाही आणि कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी तो आपणहून शोधत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे अख्खं गाणं आत येणं. 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या 2002 च्या आवृत्तीत 'ह्यूमन अगेन' हे गाणं नव्याने ॲनिमेट करून घातलं. 'द लायन किंग'च्या 2003 च्या डीव्हीडीत झाझू पक्ष्याच्या संवादाच्या जागी 'द मॉर्निंग रिपोर्ट' हे गाणं आलं, ते मुळात रंगमंचावरच्या प्रयोगासाठी लिहिलेलं होतं. 'पोकाहाँटस'च्या 2005 च्या डीव्हीडीत आधी वगळलेलं प्रेमगीत परत जोडलं. उलटंही होतं: 'मेक माइन म्युझिक' या 1946 च्या चित्रपटातला दोन घराण्यांच्या गोळीबाराचा संगीतमय भाग अमेरिकेतल्या 2000 च्या व्हिडिओ आवृत्तीतून उडवला.

तिसरा प्रकार मला सगळ्यात रंजक वाटतो: चित्र तेच, चाल तीच, पण वादन दुसरं. 'फँटेशिया' (1940) मधलं वादन लिओपोल्ड स्टोकोव्स्कींच्या हाताखालचं. 1982 मध्ये ते सगळं आयर्विन कोस्टल यांनी डिजिटल तंत्रावर नव्याने ध्वनिमुद्रित केलं आणि चित्रपट तसा थिएटरांत फिरला. 1990 च्या आवृत्तीत स्टोकोव्स्की परत आले आणि 1991 ची व्हिडिओ कॅसेट त्यावरूनच निघाली. पुढे 2000 च्या डीव्हीडीत निवेदक डीम्स टेलर यांचा आवाजही बदलला. मूळ ध्वनिपट्टीचे काही तुकडे खराब झाल्यामुळे त्यांचं सगळं निवेदन कोरी बर्टन यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. म्हणजे एकाच चित्रपटात संगीत जुनं आणि बोलणारा नवा.

चौथा प्रकार पार्श्वसंगीताचा. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (1989) डिस्नेने 1998 मध्ये इंग्रजीत आणला तेव्हा सुरुवातीचं आणि शेवटचं जपानी गाणं काढून इंग्रजी गाणी घातली. शिवाय मूळ चित्रपट जिथे गप्प होता तिथे पॉल चिहारा यांचं जादा संगीत भरलं. 2010 च्या डीव्हीडीत यातली बरीच भर काढली. मियाझाकींच्याच 'कॅसल इन द स्काय'च्या इंग्रजी आवृत्तीसाठी तर संगीतकार जो हिसाइशी यांनी स्वतःच आपलं संगीत वाढवून लिहिलं: सुमारे एका तासाचं दीड तास झालं.

या सगळ्यामागे पैसा आणि हक्क असतातच. जुन्या करारांत थिएटरचे हक्क असायचे. घरी कॅसेट बघतील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. रॉक गाण्यांनी भरलेला 'हेवी मेटल' हा ॲनिमेशनपट 1981 चा, पण गाण्यांच्या हक्कांची गुंतागुंत सुटून त्याची अधिकृत कॅसेट यायला 1996 उजाडलं. (तो लहान मुलांसाठी नाही, हेही सांगून ठेवतो.)

साहित्य गोळा करा

सोलापूरची एक गोष्ट या कामाला फार सोयीची आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, सगळीकडे मराठी-हिंदी. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या डिस्का एकाच गावात सापडू शकतात. नातेवाइकांचे माळे, बंद पडलेल्या सीडी-लायब्रऱ्यांचा उरलेला माल, भंगारवाल्यांकडची खोकी, सगळीकडे चौकशी करा. नवी पेठेत नवं काही शोधण्यापेक्षा ओळखीच्या चार घरी विचारलेलं जास्त फळतं. अमेरिकेतल्या काकांनी आणलेली कॅसेट कुणाकडे निघाली तर ती सोडू नका, का ते पुढे येईल.

प्रत्येक डिस्कचं कव्हर, डिस्कचा दर्शनी भाग आणि आतल्या कड्याजवळ कोरलेला नंबर यांचा फोटो काढा. कव्हरवरचं साल जपून वाचा. बरेचदा ते चित्रपटाच्या हक्काचं साल असतं, डिस्क निघाल्याचं नव्हे. आतल्या कड्यावरचा नंबर दोन डिस्कांवर एकच असेल तर कव्हर वेगळी असूनही माल एकच आहे. ताडण्यात वेळ घालवू नका.

पायरेटेड व्हीसीडी पुरावा म्हणून धरायची नाही. जागेत बसवायला गाणी कापलेली असतात, कधी आवाज थिएटरातून टिपलेला असतो. केबलवरून रेकॉर्ड केलेली कॅसेटही तशीच: चॅनेलवाल्यांनी जाहिरातींसाठी काय कापलं ते तुम्हाला कळणार नाही. दोन्ही सुगावा म्हणून ठेवा, साक्षीदार म्हणून नको.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल एक सूचना. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर कॅसेट ठेवली तर टेप ताणते आणि डिस्क वाकते. कपाटात, उभ्या ठेवा. टेपच्या रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. ती हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना पसरते.

आवाज कॉम्प्युटरवर घ्या

व्हीसीडी सगळ्यात सोपी. डिस्क उघडली की 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' फाइली दिसतात. त्या कॉपी करा आणि व्हीएलसीमध्ये वाजवून खात्री करा. डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही वापरा. ते चित्राशी जोडलेले सगळे ऑडिओ ट्रॅक एका फाइलीत काढून देतं. इथे एक खाच आहे. 'ब्यूटी अँड द बीस्ट'सारख्या डिस्कवर एकाच चित्रपटाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात आणि यादीत जवळजवळ सारख्या लांबीची टायटल्स दिसतात. सगळी काढा आणि लांबी मिनिट-सेकंदांत लिहून ठेवा. नाहीतर मूळ समजून वाढीव आवृत्तीच ऐकत बसाल.

कॅसेटला यूएसबी कॅप्चर कार्ड लागतं. व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना त्याला जोडा. आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेली टेप मोकळी होते. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग बंद ठेवा, 48 किलोहर्ट्झवर वेव्ह किंवा फ्लॅक फाइल बनवा, एमपी3 नको. व्हीसीआर हायफाय असेल तर आवाजाचे दोन मार्ग असतात: टेपच्या कडेने जाणारा साधा मार्ग आणि चित्रासोबत फिरत्या हेडने वाचला जाणारा हायफाय. दोन्ही वेगवेगळे घ्या. साध्या मार्गावरचा आवाज दबका येतो, वरच्या पट्टीतली झांज आणि व्हायोलिनची धार जाते. लहानपणी ऐकलेलं ते हेच असण्याची शक्यता जास्त, कारण घरातला टीव्ही एकाच स्पीकरचा होता.

आधी गती

निम्मी भांडणं इथेच मिटतात. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. भारतातली टीव्हीची पद्धत पाल, ती 25 चित्रांची. त्यामुळे पाल कॅसेट, व्हीसीडी किंवा डीव्हीडी बनवताना सिनेमा सरळ थोडा जोरात पळवायचे. 90 मिनिटांचा चित्रपट 86 मिनिटं 24 सेकंदांत संपतो. गाणीही तेवढीच पळतात आणि त्यांची पट्टी साधारण 0.7 अर्ध्या स्वराने चढते. पेटीवर पांढरी एकला बसणारं गाणं पाल डिस्कवर काळी एकच्या जरासं खाली लागतं. ज्याचा कान पेटीवर तयार झालाय, भजनी मंडळात साथ करतो, त्याला हे बसल्या जागी कळतं. तुमच्या घरी पेटी नसेल तर मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप चालेल. ते पट्टी बारीक सरकवू देतं, म्हणून पेटीपेक्षा बरंच.

अमेरिकेची पद्धत वेगळी, तिथे चित्रं दुप्पट-तिप्पट दाखवून हिशेब जुळवतात आणि गती जवळपास मूळचीच राहते. ब्लू-रेवरही सिनेमा 24 नेच असतो. म्हणूनच काकांची अमेरिकन कॅसेट आणि नवी ब्लू-रे एका पट्टीत लागतात आणि आपली लहानपणची कॅसेट वर. नवी डिस्क 'संथ, जड' वाटण्याचं कारण बहुतेकदा एवढंच.

तपासायचं असं: मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो पाहा. 25 दिसलं आणि दुसऱ्या फाइलीत 23.976 दिसलं तर ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाल ट्रॅक घ्या आणि 'चेंज स्पीड अँड पिच' या इफेक्टमध्ये उणे 4.096 टक्के घाला. दुसरी फाइल नेमकी 24 ची असेल तर उणे 4. हा फरक किरकोळ वाटतो, पण तासाभरात साडेतीन सेकंदांची तफावत पडते आणि मग तुम्ही नसलेला बदल शोधत बसता. काही डीव्हीडींवर लांबी कमी पण पट्टी मूळचीच असते. म्हणजे बनवणाऱ्यांनी पट्टी खाली उतरवून दिली आहे. तिथे 'चेंज टेम्पो' वापरा, तो पट्टीला हात न लावता गतीच बदलतो. म्हणून लांबी आणि पट्टी दोन्ही मोजायच्या, एकावरून दुसरी गृहीत धरायची नाही.

मग चॅनेल आणि सांधे

5.1 चॅनेलचा (पुढचे-मागचे पाच आणि खर्जाचा एक) ट्रॅक दोन स्पीकरवर वाजवला की मागच्या चॅनेलमधला कोरस बारीक होतो. कुणी म्हणेल, कोरस काढला. ऑडॅसिटीमध्ये सगळे चॅनेल वेगवेगळे उघडून एकेक ऐका. तो तिथे असतो. याच्या उलट, दोन चॅनेल उलट्या फेजमध्ये (एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली) जोडले गेले असतील तर एका स्पीकरच्या टीव्हीवर मधला गाणारा आवाजच गायब होतो आणि वाद्यं राहतात. पिन सैल असली तरी असले प्रकार होतात, तेव्हा आधी वायर हलवून बघा.

व्हीसीडीवर एका डिस्कमध्ये साधारण 74 ते 80 मिनिटं मावतात, म्हणून चित्रपट दोन डिस्कांत तुटतो. तुटण्याच्या जागी पार्श्वसंगीताचे काही सेकंद गळतात किंवा दुसऱ्या डिस्कच्या सुरुवातीला परत येतात. ती जागा वहीत 'सांधा' म्हणून नोंदवा आणि तिथल्या फरकाला फरक मानू नका.

दोन ट्रॅक एकमेकांवर ठेवा

आता खरं काम. गती जुळवलेले दोन्ही ट्रॅक ऑडॅसिटीत एकाखाली एक आणा. सुरुवातीला एखादा टणक आवाज शोधा: दार आपटणं, ढोलाची थाप. झूम करून दोन्हींत तो एका रेषेवर आणा. मग चित्रपटाच्या मध्यात आणि शेवटाकडे तसाच एकेक आवाज तपासा. तिन्ही ठिकाणी जुळलं तर पाया एकच आहे. सगळीकडे सारखी तफावत वाढत गेली तर गतीचा आकडा चुकलाय. एका ठिकाणी एकदम उडी दिसली, तर तिथे काहीतरी आलंय किंवा गेलंय. तेवढाच भाग ऐका. 'द लायन किंग'चं जादा गाणं असंच, उडीवरून सापडतं.

संगीताच्या मधोमध तफावत कधी पुढे, कधी मागे हेलकावत असेल तर सावध व्हा. एकाच वादनाचे दोन ट्रॅक असे हेलकावत नाहीत. दोन वेगळ्या वादनांचे हेलकावतात. 'फँटेशिया'सारख्या चित्रपटात हे बारीक असतं, कारण चित्र आधीच बनलेलं आणि नव्या वाद्यवृंदाला त्याच्या मागोमाग वाजवावं लागलं. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट जुळतो, मधल्या जागांत श्वासाचा फरक पडतो. बासरी किंवा ओबोची (सनईसारखं पाश्चात्त्य वाद्य) एकटीची जागा घ्या आणि चार-चार सेकंदांचे तुकडे आलटून-पालटून ऐका. एवढं केलं की शंका राहत नाही. कॅसेटच्या बाबतीत मात्र व्हीसीआरचा पट्टा घसरत असेल तरी असाच हेलकावा येतो. तो बोलण्यातही येईल, नुसत्या संगीतात नाही. आधी एखादा संवाद तपासा.

ट्रॅक अगदी नेमके जुळले तर एक सुंदर युक्ती आहे. एका ट्रॅकवर 'इन्व्हर्ट' इफेक्ट द्या आणि दोन्ही एकत्र वाजवा. सोलापुरी चादर उलटली की नक्षी तीच आणि रंग उलटे दिसतात, तसाच हा उलटा ट्रॅक. दोघांची बेरीज केली की जे जे समान ते पुसलं जातं आणि फरक तेवढा ऐकू येतो. एखादी ओळ बदललेली असेल तर शांततेतून अचानक दोन आवाज एकमेकांवर गाताना ऐकू येतात. ही युक्ती डीव्हीडी आणि ब्लू-रेवर बरी चालते. व्हीसीडीच्या दाबलेल्या आवाजात खरखर उरते, ती सोडून द्यायची. कॅसेटवर नाद करू नका. टेप कधीच इतकी नेमकी चालत नाही.

भाषा वेगळ्या असतील तरी हे करून बघा. डबिंगसाठी स्टुडिओ संगीत आणि आवाजांचा ट्रॅक संवादाविना वेगळा देतात, त्याला 'एम अँड ई' म्हणतात. हिंदी आणि तेलुगू डिस्क एकाच 'एम अँड ई'वर बनल्या असतील तर वाद्यवृंद बराचसा पुसला जातो आणि हिंदी-तेलुगू गायक तेवढे उरतात. नाही पुसला, तर एका भाषेत गाणं नव्याने वाजवलंय, किंवा मिसळताना आवाज वर-खाली केलाय; वरची ओबोची चाचणी लावा. ओळींचा अर्थ मात्र स्वतः अंदाजाने लिहू नका. शेजारच्या तेलुगू घरातल्या काकूंना हेडफोन द्या, त्या दोन मिनिटांत सांगतात की गाण्यातलं काय वगळलं.

सरावाला एक चित्रपट

सुरुवातीला दिग्दर्शक युगो साको आणि राम मोहन यांचा 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' घ्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचा हा भारत-जपानचा चित्रपट, संगीत वनराज भाटियांचं. कथा पाठ असल्यामुळे लक्ष आवाजावर राहतं. इंग्रजी आवृत्तीत गाणी संस्कृतात आहेत, हिंदीत ती हिंदीत. हिंदी डबिंगमध्ये रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा. अमेरिकेत 'प्रिन्स ऑफ लाइट' नावाने निघालेल्या आवृत्तीला जेम्स अर्ल जोन्स यांचं निवेदन आहे. 24 जानेवारी 2025 ला हा चित्रपट नव्या रूपात आपल्या थिएटरांत लागला, तोही नव्या डबिंगसह. या आवृत्त्यांपैकी दोन हाती लागल्या तरी पुरे. एक गाणं निवडा, शब्द सोडून नुसता वाद्यमेळ ऐका आणि वरच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गाण्यावर करा. अख्खा चित्रपट पहिल्याच झटक्यात घेतला तर कंटाळून सोडून द्याल.

कायद्याचं थोडं

1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 खाजगी वापर, संशोधन आणि समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा देतं. स्वतःच्या विकत घेतलेल्या डिस्कवर असा अभ्यास करणं आणि त्यावर लिहिणं त्या चौकटीत बसतं. काढलेली गाणी नेटवर चढवणं बसत नाही. तुलना दाखवायचीच असेल तर लहरींच्या चित्राचा स्क्रीनशॉट लावा.

वहीतली नोंद

वर्षभराने तुम्हालाच वाचता यावी अशी नोंद करा. चित्रपट, डिस्कचा प्रकार, कड्यावरचा नंबर, भाषा, फ्रेम रेट, लांबी, गतीत केलेली दुरुस्ती, आणि मग मिनिट-सेकंदासह फरक. 'अलादीन'साठी माझ्या वहीत असं आहे: "सुरुवातीचं गाणं, फेरीवाल्याचा आवाज. ध्वनिमुद्रिकेवर कानाची ओळ, कॅसेटवर उन्हाची. वाद्यमेळ तोच. बदल: शब्द."

निकालासाठी मी पाचच शब्द ठेवलेत: गती, मिश्रण, वादन, शब्द, भर-वजावट. एका नोंदीत दोन बसले तर दोन लिहायचे. आणि एक सहावा रकाना आहे, 'ठरत नाही'. त्यात बऱ्याच कॅसेट पडून आहेत, विशेषतः ज्यांची डिस्क अजून कुणाच्याच माळ्यावर सापडलेली नाही अशा.